चुनखडकाच्या शहरातली तापट इंजिनं

रायपूर शहर चुनखडकावर वसलं आहे. छत्तीसगडच्या मैदानाखाली हा खडक अतिप्राचीन काळापासून पसरलेला आहे, आणि मांढर, बैकुंठ, बलौदाबाजार इथले सिमेंटचे कारखाने त्याच्याच जोरावर उभे राहिले. खारून नदीचं पाणी शहराला नळाने मिळतं. पण शंकर नगरासारख्या वसाहती वाढत गेल्या तसे बोअरही वाढले. या खडकाच्या भेगांतून येणारं पाणी दिसायला स्वच्छ असलं तरी चुना सोबत घेऊन येतं. जुन्या मोटारींच्या तापण्याचा इथला इतिहास सांगायचा तर सुरुवात उन्हापासून नको, या पाण्यापासून करायला हवी. रायपूरचं ऊन गाडीला एका दुपारी थांबवतं. पाणी मात्र वर्षानुवर्षं आतून तिचा गळा आवळत जातं.

मोटारीचं आणि पाण्याचं नातं मोटारीइतकंच जुनं आहे. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीत पाणी उकळून वाफ होऊन उडून जाई, आणि त्यातूनच इंजिन थंड राही. त्यामुळे पाणी सतत भरावं लागे. १८८८च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गेली, तेव्हा मिळेल तिथून पाणी घेत घेत तिला वाट काढावी लागली. जगातल्या पहिल्या लांबच्या मोटारप्रवासातच गाडी तहानलेली होती. यावर खरा तोडगा काढला विल्हेल्म मायबाखने. १९०० साली तयार झालेल्या मर्सिडीजसाठी त्याने ८,०७० बारीक नळ्यांचा मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. थोडक्या पाण्याला भरपूर हवा लागेल अशी ती रचना होती. आजच्या गाडीतल्या रेडिएटरचं तत्त्वही तेच आहे.

१९५६पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूर होती. कचेरी, कोर्ट, कॉलेज, सोयरीक अशा सगळ्या कामांसाठी माणसं या दोन शहरांमध्ये जा-ये करत. रायपुरातला तात्यापारा आणि १९३५ साली स्थापन झालेलं महाराष्ट्र मंडळ ही त्या काळापासूनच्या मराठी वस्तीची ओळख. बहुतेक लोक रेल्वेने जात. ज्यांच्याकडे मोटार होती ते ग्रेट ईस्टर्न रोडने निघत. रायपूर, भिलाई, दुर्ग या शहरांमधून जाणारा तो रस्ता आजही जी.ई. रोड म्हणूनच ओळखला जातो.

नागपूर ते रायपूर हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आत आहे आणि वाटेत खंडाळ्यासारखा घाट नाही. तरीही मे महिन्यात या सपाट रस्त्यावर गाड्या तापत, आणि त्याला साधं कारण आहे. उन्हाळ्यात लू पश्चिमेकडून वाहते. नागपूरहून पूर्वेला निघालेल्या गाडीच्या पाठीशी वारा असतो, त्यामुळे रेडिएटरवर येणाऱ्या हवेचा जोर कमी होतो. ती हवाही चव्वेचाळीस अंशांची. परतीच्या वाटेवर तोच वारा समोरून येतो. एकच गाडी, एकच रस्ता, तरी जाताना तापणारी गाडी येताना शांत राहू शकते. ज्याला हे ठाऊक नसे तो मेकॅनिक उगाच इंजिन खोलून बसे.

त्या दिवसांत जीपच्या, बसच्या पुढच्या बाजूला छागल लटकलेली असे. जाड कॅनव्हासच्या या पिशवीतून पाणी किंचित झिरपतं, वाऱ्याने त्याची वाफ होते आणि आतलं पाणी गार राहतं. हे पाणी आधी माणसांसाठी आणि मग गाडीसाठी असे. रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या गाड्यांना तर त्याची फारच गरज पडे. त्या रस्त्यावर कांकेरनंतर केशकालचा घाट लागतो. घाटात तेलीन मातेचं देऊळ आहे. ट्रकवाले तिथे थांबून हात जोडतात, आणि चढून आलेल्या इंजिनालाही तेवढाच श्वास मिळतो.

स्वातंत्र्यानंतर पुढे कित्येक वर्षं रस्त्यावर मुख्यतः दोनच मोटारी दिसत. उत्तरपाड्याच्या कारखान्यातली हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बेसेडर, आणि मुंबईत कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी. अॅम्बेसेडरचं १,४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मूळचं इंग्लंडचं, तिथल्या थंड हवेत जन्मलेलं. दोन्ही गाड्यांचा पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरे. इंजिन जोरात तर पंखा जोरात, इंजिन मंद तर पंखाही मंद. फाटकाशी गाडी उभी राहिली, ऊन माथ्यावर आलं, की वारा सर्वांत जास्त हवा असे नेमका तेव्हाच तो सर्वांत कमी मिळे.

बॉनेटखालून वाफ आली की ड्रायव्हर काय करणार? पाणी ओतणार. हातपंपाचं, विहिरीचं, बोअरचं, जे मिळेल ते. इथेच पुढच्या दुखण्याची सुरुवात होई.

चुनखडकातून आलेल्या पाण्यात कॅल्शियमचं बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचं कार्बोनेट होतं आणि ते धातूला चिकटून बसतं. पाणी वाफ होऊन उडतं, चुना मात्र मागे राहतो, आणि वर पुन्हा नवं पाणी ओतलं की चुन्याची नवी भर पडते. आंघोळीच्या तांब्याच्या बंबात जसे पांढरे पापुद्रे धरतात, तेच इंजिनाच्या वॉटर जॅकेटमध्ये आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्यांमध्ये घडतं. हा थर उष्णतेला अडवतो. ओतीव लोखंड जितक्या सहज उष्णता पाण्याकडे सोपवतं त्याच्या अगदी थोडा अंशच या थरातून पार होतो. म्हणजे तापलेल्या गाडीवरचा नेहमीचा उपाय हळूहळू गाडीला जास्त तापट करत होता. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा चांगला मानला जातो, आणि दुसरी सोय नसेल तर ६००पर्यंत चालतो. माणसाच्या पोटाला हे पाणी चालतं. रेडिएटरच्या नळीला चालत नाही.

जुन्या मेकॅनिकांची रोगाचं निदान करण्याची पद्धत पाहिली की त्यांच्याबद्दल आदर वाटतो. त्यांच्याजवळ कॉम्प्युटर नव्हता, कान, हात आणि काही साधे प्रश्न होते. गाडी कधी तापते? गर्दीत, हळू चालताना तापत असेल तर दोष वाऱ्याचा: पट्टा सैल झाला असेल किंवा पंख्याची पाती वाकली असतील. मोकळ्या रस्त्यावर वेग घेतल्यावर तापत असेल तर पाणी पुरेसं फिरत नाही, रेडिएटरचा कोअर, म्हणजे नळ्यांची जाळी, चोक झाला आहे. सुरू करून पाच-दहा मिनिटांतच काटा वर जात असेल तर पाण्याची वाट उघडणारा थर्मोस्टॅट बंद अडकला आहे, नाहीतर हेड गास्केट गेलं आहे.

मग हाताने तपासणी. इंजिन बंद करून, पंखा थांबल्याची खात्री करून, रेडिएटरच्या जाळीवर ठिकठिकाणी हात ठेवायचा. सगळीकडे गरम आणि मध्येच एक पट्टा थंड लागला, तर तिथल्या नळ्या बुजल्या. खालचा होज पाइप रेस दिल्यावर आत ओढला जाऊन चपटा होत असेल तर तो पाइप बदलायचा, कारण पंपाला पाणीच मिळत नाही. गार इंजिनावर झाकण काढून गाडी सुरू करायची आणि पाण्यात सतत बुडबुडे येतात का ते पाहायचं. आले तर सिलिंडरचा वायू पाण्यात घुसतो आहे, गास्केट उडालं आहे. डिपस्टिकवर ताकासारखं पांढरट ऑइल आलं तर पाणी ऑइलमध्येही पोचलं आहे, मग हेड उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही. पद्मिनीचं हेड अॅल्युमिनियमचं, ते तापून वाकतं, म्हणून पुन्हा बसवण्याआधी फेसिंग करून सपाट करावं लागतं. हेड सपाट न करता नवं गास्केट घालणारा मेकॅनिक गिऱ्हाइकाला महिन्याभरात परत बोलावतो.

थर्मोस्टॅटबाबत मात्र इथल्या बऱ्याच मेकॅनिकांचं चुकलं, असं म्हणावं लागतं. उष्ण प्रदेशात गाडी तापते म्हणून तो काढूनच टाकायचा, हा रिवाज भारतभर पसरला होता. पण इंजिनाला जसं फार तापणं वाईट, तसंच पुरेसं न तापणंही. डिसेंबरच्या सकाळी थंड राहिलेल्या इंजिनात न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट तपासणं तसं सोपं आहे. तो पातेल्यातल्या पाण्यात टाकून गरम करायचा. साधारण ८२ अंशांवर तोंड उघडू लागला तर तो ठीक. झाकणालाही कमी लेखलं गेलं. रेडिएटरचं झाकण आतला दाब राखतं, आणि दर पौंडामागे पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. रबर झिजलेलं झाकण म्हणजे विनाकारण उकळणारी गाडी. काही जण तर इंजिनापेक्षा गाडीतल्या पेट्रोल पंपाच्या गरमीने हैराण होत. पेट्रोलची पंपातच वाफ होई आणि गाडी बंद पडे. ओलं फडकं पंपाला गुंडाळलं की ती पुन्हा चालू होई, आणि लोक समजत की इंजिनच तापलं होतं.

रेडिएटरची दुरुस्ती हा वेगळाच धंदा होता. तांब्या-पितळेच्या रेडिएटरची वरची टाकी झाळ वितळवून उघडायची, प्रत्येक नळीतून पोलादी पाती घालून चुना खरवडून काढायचा, गळक्या नळीला कथलाचं झाळकाम करायचं, टाकी पुन्हा बसवायची आणि पाण्याच्या हौदात बुडवून हवेचा दाब देऊन पाहायचं. बुडबुडा दिसला की पुन्हा झाळ. कसबी हाताखालून गेलेला कोअर पुढची कित्येक वर्षं चाले.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर राजधानी बनलं. शंकर नगरातले सरकारी बंगले, जुन्या डी.के. रुग्णालयाच्या इमारतीत भरणारं मंत्रालय आणि शहराबाहेरची विधानसभा यांच्यामध्ये पांढऱ्या अॅम्बेसेडर धावू लागल्या. या गाड्यांना एसी होता. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसतो, म्हणजे रेडिएटरला मिळणारी हवा आधीच तापलेली असते. त्यात साहेबांची वाट पाहत इंजिन चालू ठेवून गाडी तासन्‌तास उभी. मूळच्या आराखड्यावर एवढा बोजा कधी टाकलेलाच नव्हता.

तोवर लोकांच्या घरी मारुती आलेली होती. डिसेंबर १९८३मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८००चा पंखा विजेवर चाले आणि पाणी तापलं की आपोआप सुरू होई. कूलंटची बाटली, बंद पद्धतीची पाण्याची व्यवस्था, पुढे अॅल्युमिनियमचे रेडिएटर, असं सगळं बदलत गेलं. अॅल्युमिनियमच्या कोअरला प्लॅस्टिकची टाकी दाबून बसवलेली असते. ती उघडून, झाळून दुरुस्त होत नाही, रेडिएटर बदलावाच लागतो. मे २०१४मध्ये उत्तरपाड्याचं उत्पादन थांबलं आणि झाळकामाचं गिऱ्हाईकही झपाट्याने घटलं.

ज्यांच्या दारात अजून अॅम्बेसेडर, पद्मिनी किंवा पहिल्या पिढीची मारुती आहे, त्यांनी काही गोष्टी पाळाव्यात. तापलेल्या गाडीचं झाकण लगेच उघडू नये, अर्धा तास थांबावं. उकळतं पाणी चेहऱ्यावर उडून माणसं भाजली आहेत. भरायचं ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट. बोअरचं पाणी फक्त अडचणीच्या वेळी, घरी पोचेपर्यंत. पोचल्यावर ते काढून टाकावं. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर भंगारात देण्याआधी तो उघडून साफ करणारा कारागीर शहरात शोधावा. तो सापडला तर त्याला काम द्यावं, आणि तो काम करत असताना शेजारी एखाद्या तरुण मुलाला उभं करावं.