ऐतिहासिक कृषियंत्रे

प्रत्यक्ष उपयोगातून बाद झालेली, परंतु तांत्रिक, सामाजिक किंवा स्थानिक महत्त्वामुळे जतन करून जत्रा, कृषिप्रदर्शने व संग्रहालये यांत मांडली जाणारी शेतीची यंत्रे व अवजारे. लोखंडी नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक, मोट व रहाट ही पाणी उपसण्याची साधने, वाफेची व तेलाची एंजिने, मळणीयंत्रे आणि जुने ट्रॅक्टर यांचा त्यांत समावेश होतो. केवळ जुनेपणा हा त्यांच्या मूल्याचा निकष नव्हे. एखाद्या प्रदेशातील माती, पाणी, जनावरे व माणसांचे श्रम यांची सांगड त्या काळी कशी घातली गेली होती, हे ज्या यंत्रावरून कळते, ते ऐतिहासिक होय.

प्रदर्शनांची परंपरा : आज जुनी म्हणून पाहिली जाणारी बहुतेक यंत्रे एके काळी नवी म्हणून प्रदर्शनांत मांडली गेली होती. १८५१ च्या लंडन येथील जागतिक प्रदर्शनात मकॉर्मिक यांच्या कापणीयंत्राने यूरोपीय शेतकऱ्यांचे लक्ष वेधले. लीड्स येथील जॉन फाउलर यांच्या वाफेच्या नांगराला १८५८ मध्ये इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे पारितोषिक मिळाले. महाराष्ट्रात नागपूर येथे १८६५ मध्ये भरलेले प्रदर्शन आणि पुणे येथे १९२६ मध्ये भरलेले मुंबई इलाख्याचे कृषिप्रदर्शन ही अशा उपक्रमांची ठळक उदाहरणे होत. दिल्ली येथील १९५९–६० च्या जागतिक कृषिप्रदर्शनाने ट्रॅक्टर व विद्युत्‌पंप यांचे युग सर्वसामान्य प्रेक्षकांसमोर आणले. या सर्व प्रदर्शनांचा हेतू शेतकऱ्याने जुने टाकून नवे घ्यावे, हा होता.

टाकून दिलेल्या यंत्रांकडे कौतुकाने पाहण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. १९५० मध्ये इंग्लंडमधील ॲपलफर्ड या गावी दोन शेतकऱ्यांनी बिअरच्या पिंपाची पैज लावून वाफेच्या एंजिनांची शर्यत लावली आणि तिच्यातून जुन्या एंजिनांच्या मेळाव्यांची चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत आयोवा राज्यातील माउंट प्लेझंट येथे जुन्या मळणीयंत्रांचा मेळावा सुरू झाला. भारतात मात्र बैलजोडी व लाकडी नांगर ही साधने अनेक भागांत यंत्रांच्या बरोबरीने दीर्घ काळ वापरात राहिली. त्यामुळे जुने कोणते व चालू कोणते, ही सीमारेषा येथे पाश्चात्त्य देशांइतकी स्पष्ट नाही.

लोखंडी नांगर : पारंपरिक लाकडी नांगराचा फाळ जमीन फाडतो, पण माती उलटवीत नाही. लोखंडी नांगराचे वक्र पाते मातीचा थर उचलून पालथा करते. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांचा बंदोबस्त करणे सोपे जाते. इंग्लंडमधील रॅन्सम या कारखानदारांचे नांगर आयात होत असत. ते महाग पडत आणि त्यांचे सुटे भाग खेड्यात मिळत नसत.

ही अडचण ओळखून लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी बेळगाव येथे प्रथम कडबा कापण्याची यंत्रे व त्यानंतर, १९०३ च्या सुमारास, लोखंडी नांगर तयार केला. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी समजूत त्या वेळी प्रचलित होती व सुरुवातीचे नांगर विकण्यास फार काळ लागला. हा केवळ अडाणीपणा होता, असे म्हणता येत नाही. अधिक खोल नांगरटीला अधिक ताकदीचे बैल लागतात आणि नांगर मोडला तर तो गावच्या सुताराला दुरुस्त करता येत नाही, ही शेतकऱ्याची शंका रास्त होती. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या जागेवर १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा (आता सांगली जिल्हा) कारखाना उभा राहिला. पहिल्या महायुद्धाच्या काळात लोखंडाची टंचाई पडली, तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज (१८७४–१९२२) यांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्याची हकिकत चरित्रग्रंथांतून येते. सातारा रोड येथील धनजीशा कूपर यांच्या कारखान्यानेही नांगर व पुढे तेल एंजिने तयार केली.

तेल एंजिने : हॉर्न्सबी–ॲक्रॉइड एंजिनाचे उत्पादन इंग्लंडमध्ये १८९२ च्या सुमारास सुरू झाले. रूडोल्फ डीझेल यांचे एंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले. लिस्टर, रस्टन, पेटर इ. नावांची मंदगती एंजिने भारतात शेती, पिठाच्या गिरण्या व गुऱ्हाळे यांसाठी आली. पुणे येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाल्यावर देशी एंजिनांचा प्रसार वाढला. या एंजिनांचे मोठे प्रचक्र प्रेक्षकांना विशेष आकर्षक वाटते. ते शोभेसाठी नसते. एका सिलिंडराच्या एंजिनात शक्ती धक्क्याधक्क्याने निर्माण होते व जड प्रचक्र ती साठवून गती एकसारखी ठेवते.

रहाट व बोळिंजचा परिसर : बोळिंज हे विरारच्या पश्चिमेस वसलेले वसई तालुक्यातील गाव. पूर्वी ठाणे जिल्ह्यात असलेला हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आगाशी, बोळिंज व भोवतालच्या गावांतील बागायतीला ‘वाडी’ म्हणतात. केळी, पानवेल, भाजीपाला व फुले ही तेथील प्रमुख पिके. राजेळी केळी वाळवून केलेली सुकेळी ही आगाशीची ख्याती आहे. या बागायतीचा आधार म्हणजे उथळ विहिरी व ‘बावखले’ (पावसाचे व झऱ्यांचे पाणी साठणारी खोदीव तळी) आणि त्यांवरील रहाट. या परिसराच्या दृष्टीने रहाट हेच खरे ऐतिहासिक कृषियंत्र होय.

‘रहाट’ हा शब्द संस्कृत ‘अरघट्ट’ या शब्दापासून आला आहे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात लाहोर, दीपालपूर व सरहिंद या भागांत दोराच्या माळेला मडकी बांधलेली, दातेरी चाकांनी फिरणारी अशी साधने पाहिल्याचे नमूद केले आहे. रहाटात उभ्या खांबाभोवती फिरणारे आडवे दातेरी चाक बैल किंवा रेडा फिरवितो. त्याचे दाते दुसऱ्या, उभ्या चाकाच्या दात्यांत अडकतात व आसामार्फत ती गती विहिरीवरील मोठ्या चाकाला मिळते. या चाकावरून सोडलेल्या माळेतील गाडगी पालथी खाली जातात, भरून वर येतात व पन्हळीत रिकामी होतात. तेथून पाणी पाटाने वाडीत जाते. जनावर थांबताच भरलेल्या गाडग्यांच्या वजनाने चाक उलटे फिरू नये, म्हणून अडसर लावलेला असतो.

देशावरच्या खोल विहिरींवर मोट सोयीची. तिचे पाणी खेपेखेपेने येते व बैलांना उतारावरून पुन्हा मागे यावे लागते. उथळ पाण्यावर रहाट श्रेष्ठ ठरतो, कारण त्याची धार अखंड असते. सु. ९ मी. खोलीवरून बैलजोडीच्या रहाटाने ताशी सु. १०,००० लि. पाणी मिळू शकते. तेल एंजिनाचा किंवा विजेचा पंप याच्या अनेक पटींनी पाणी काढतो व त्याला वैरण लागत नाही, विश्रांतीही लागत नाही. त्यामुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईच्या वाड्यांतून रहाट नाहीसे झाले.

या बदलाने शेतकऱ्याचे कष्ट वाचले, हे निर्विवाद आहे. पण जनावराच्या शक्तीला मर्यादा असल्याने उपशालाही आपोआप मर्यादा होती. समुद्रालगतच्या जमिनीत गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तोललेला असतो. उपसा पुनर्भरणापेक्षा जास्त झाला की खारे पाणी आत सरकते. १९८०–९० च्या दशकात वसईतून टँकरने होणारी पाण्याची विक्री व विहिरींचे खारावणे हा तेथील लोकआंदोलनाचा विषय झाला. हरित वसई संरक्षण समिती त्याच काळातील. पुढे नागरीकरणात अनेक बावखले बुजविण्यात आली. वसई–विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली व बोळिंज येथे मोठ्या वसाहती उभ्या राहिल्या. प्रदर्शनाच्या मैदानावर मांडलेला रहाट म्हणूनच अपुरा असतो. चाक दिसते, पण ते ज्या पाण्याच्या हिशोबावर चालत होते, तो हिशोब दिसत नाही.

कौतुक व सत्य : जुन्या यंत्रांविषयीच्या आदरात त्यांच्या दोषांचा विसर पडू नये. उघडे पट्टे, उघडी दातेरी चाके व कडबा कापण्याची पाती यांमुळे अनेकांना बोटे व हात गमवावे लागले. शक्तिचलित मळणीयंत्रांवरील अपघातांमुळे भारतात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या विनियमनाचा कायदा करावा लागला. रहाटामागे तासन्‌तास फिरणारे जनावर व त्याला हाकणारे, पुष्कळदा लहान मूल, हेही त्या यंत्राचेच भाग होते. प्रदर्शनातील माहितीफलकावर कारखान्याचे नाव व वर्ष यांबरोबर या गोष्टींनाही स्थान असले पाहिजे.

जतन : जुन्या यंत्राला चकचकीत रंग देणे म्हणजे जतन नव्हे. मूळ रंगाचे अवशेष, ओतकामातील अक्षरे व क्रमांकाची पट्टी हे त्याच्या काळाचे व उगमाचे पुरावे असतात. रंगाच्या थराखाली ते नष्ट होतात. लोखंडी भागांचा गंज खरवडण्यापेक्षा तेल लावून थांबविणे बरे. लाकडी भाग वाळवीपासून व ओलीपासून जपावे लागतात. गाडगी व दोर मुळातच अल्पजीवी असल्याने ते नव्याने करून घेण्यात कमीपणा नाही. मात्र ते घडविण्याची रीत नोंदवून ठेवावी लागते. लोखंड भंगारात विकले जाते व लाकूड चुलीत जाते, त्यामुळे सामान्य शेतकऱ्यांची अवजारे टिकण्याचे प्रमाण अल्प आहे.

यंत्राइतकीच त्याच्या अंगांची स्थानिक नावे जपणे महत्त्वाचे आहे. दात्याला, आसाला, पन्हळीला, अडसराला गावोगाव वेगवेगळे शब्द आहेत. रहाट हाकलेली माणसे आता वृद्ध झाली आहेत. त्यांच्या सांगण्यावरून ही नावे व चालविण्याची रीत लिहून घेतली, तर मोडके चाकही पुन्हा उभे करता येते. ती नोंद नसेल, तर शाबूत चाकाचाही अर्थ लावता येत नाही.