विमानतळाला नाव बाबासाहेबांचे, पण नोकरीचा हक्क कुणाचा?

11 ऑक्टोबर 1956. बाबासाहेब, माईसाहेब आणि नानकचंद रत्तू दिल्लीहून विमानाने नागपुरात उतरले. बाबासाहेबांचा मुक्काम सीताबर्डीच्या श्याम हॉटेलात होता. तीन दिवसांनी दीक्षाभूमीवर लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. ते लाखो लोक विमानाने आले नव्हते. ते रेल्वेने, बैलगाडीने, पायी आले होते. कुणी बायकोचे डोरले विकले, कुणी सावकाराचे कर्ज काढले. ज्या सोनेगावच्या धावपट्टीवर बाबासाहेब उतरले, त्या विमानतळाला 2005 साली त्यांचे नाव मिळाले. आज तो 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ' आहे.

या नावाचा अभिमान असायलाच हवा. पण नावापाशी थांबणाऱ्यांसाठी हा लेख नाही.

सोनेगावची धावपट्टी इंग्रजांच्या लष्करी गरजेतून जन्मली. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ती सुरू झाली आणि दुसऱ्या महायुद्धात पुन्हा उपयोगी आली. स्वातंत्र्यानंतर तिचे खरे महत्त्व देशाला कळले. जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथून टपालाच्या थैल्या घेऊन विमाने निघायची, मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटे ती आपापल्या शहरी परतायची. 1973 पर्यंत हे चालले. तेव्हा मालवाहतुकीचे केंद्र म्हणून नागपूरची कल्पना मिहानवाल्यांनी शोधलेली नाही. नव्या स्वतंत्र देशाच्या सरकारी टपालखात्याने ती अर्धशतक आधी करून दाखवली होती.

1953 साली हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. इंडियन एअरलाइन्स आणि एअर इंडिया इंटरनॅशनल ही दोन सरकारी महामंडळे उभी राहिली. मोक्याचे उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे बाबासाहेबांनी 1947 मध्येच 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात मांडले होते. त्यामागचे कारण सरळ आहे. ज्याच्याकडे जमीन नाही, भांडवल नाही, नात्यागोत्याचा व्यापारी नाही, त्याला नोकरी मिळण्याची एकच जागा उरते: जिथे मालक संविधानाला बांधलेला आहे.

हे बाबासाहेबांना पुस्तकातून समजले नव्हते. फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. तिथेच त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्य गँगमन म्हणून राबतो, पण त्याला हमालाची जागासुद्धा मिळत नाही. कारण हमालाला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तिथे विटाळ आडवा येतो. रेल्वे आधुनिक होती, इंजिन विलायती होते, पण कुठली जागा कुणाची हे जातच ठरवत होती.

पुढे 29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात त्यांनी केंद्रीय बांधकाम खात्याचा हिशेब मांडला. हजाराहून अधिक कंत्राटदारांत अस्पृश्य कंत्राटदार अवघा एक! 1943 च्या ऑगस्टमध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना 8.33 टक्के जागा मिळाल्या, 1946 मध्ये त्या 12.5 टक्के झाल्या. संविधानात कलम 16(4) आले. आपल्या आजोबांच्या आणि वडिलांच्या पिढीने टपाल, रेल्वे, बँक, विमानतळ इथे पाय रोवला तो या वाटेने. कुणाच्या मेहेरबानीने नव्हे.

आता आपल्या विमानतळाकडे या. 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. मिहानसाठी शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव अशा गावांची जमीन गेली. शिवणगावच्या शेतकऱ्यांनी मोबदला आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. त्यांची मागणी न्याय्यच आहे. पण ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्या शेतमजुराचे काय? मोबदला जमिनीचा असतो, गेलेल्या मजुरीचा नसतो. प्रकल्पामुळे उपजीविका गमावणाऱ्या भूमिहीनाला 'बाधित कुटुंब' मानणारा कायदा 2013 साली आला. मिहानचे बहुतांश भूसंपादन त्याआधीचे. ज्याची जमीन गेली त्याच्याजवळ निदान दाखवायला कागद होता.

पुढे विमानतळ 'मिहान इंडिया लिमिटेड'कडे गेला. त्यात राज्याच्या कंपनीचा वाटा 51 टक्के आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा 49 टक्के. त्यानंतर खासगीकरणाची निविदा निघाली. जीएमआरची बोली आधी 5.76 टक्के महसुली वाट्याची होती, वाटाघाटीनंतर ती 14.49 टक्क्यांवर गेली. मार्च 2020 मध्ये सरकारने प्रक्रिया रद्द केली. ऑगस्ट 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निर्णय फिरवला, मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल कायम केला आणि 2024 मध्ये विमानतळ खासगी कंपनीकडे देण्याचा मार्ग मोकळा झाला. एवढी वर्षे वाद चालला तो शंभर रुपयांतले सरकारला किती मिळणार यावर. शंभर नोकऱ्यांतल्या वंचितांना किती मिळणार, हा प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच नव्हता.

कुणी म्हणेल, खासगी कंपनी आली की सोयी वाढतील, शारजा-दोहासारखी आणखी विमाने सुटतील, विदर्भाचा माल परदेशी जाईल, रोजगार येईल. येवोत. विकासाला आपला विरोध नाही. पण रोजगार आला म्हणजे तो सर्वांना आला, हे मनमाडच्या हमालाने आधीच खोटे ठरवले आहे. आरक्षणाची सक्ती नसेल तर झाडू आणि ओझे आपल्या वाट्याला, तेही कंत्राटावर, आणि वातानुकूलित केबिन पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्यांना, ही वाटणी आपोआप होते. त्यासाठी कुणाला जातीयवादी घोषणा द्यावी लागत नाही.

मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी 1978 ते 1994 अशी सोळा वर्षे आपण लढलो. घरे जळली, पोचिराम कांबळे, गौतम वाघमारे यांच्यासारखे भीमसैनिक शहीद झाले. सोनेगावला नाव मिळताना असे रक्त सांडले नाही. यातून काय शिकायचे? विद्यापीठाचे नाव म्हणजे ज्ञानसत्तेवरचा दावा होता, म्हणून सनातनी पेटले. पाटीवरच्या नावाने कुणाचा वाटा कमी होत नसेल, तर तेच लोक हार घेऊन पुढे येतात. हक्काचा दावा करा, मग बघा किती जण हार घेऊन उभे राहतात.

दावा करायला आधार आहे. महाराष्ट्राचा 2001 चा आरक्षण कायदा 2004 पासून लागू आहे. शासनाकडून सवलतीची जमीन किंवा आर्थिक सवलत घेणाऱ्या संस्थेशी करार करताना आरक्षण पाळण्याची अट घालण्याची तरतूद त्यात आहे. मग विमानतळाच्या आणि मिहानमधील कंपन्यांच्या करारांत ही अट आहे का? असेल तर ती पाळली जाते का? नसेल तर कुणी वगळली? महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी सरकारी आहे, तिला माहितीच्या अधिकाराखाली हे विचारता येते. भरतीची संवर्गनिहाय आकडेवारी मागा, कंत्राटदारांची यादी मागा, सफाई आणि मालचढाईच्या कामगारांचे वेतन व भविष्यनिर्वाह निधी तपासा. बाबासाहेबांनी 1942 साली नेमके हेच केले होते. आधी आकडा काढला, मग सत्तेपुढे ठेवला.

14 एप्रिलला विमानतळावर अभिवादनाला जरूर जा. पण जाताना हातात हाराबरोबर अर्जही असू द्या.

जयभीम!