गांजाचा खटला आणि विसरलेला निवाडा

आरोपीला शिक्षा ठोठावण्यापूर्वीं साक्षीपुरावा घ्यावा, हा न्यायाचा पहिला नियम. गांजाच्या बाबतींत एक नवल घडलें. साक्षी झाल्या, निवाडाहि लिहिला गेला. परंतु पुढील पिढ्यांनीं तो दप्तरांत बांधून ठेविला आणि शिक्षा मात्र नव्यानें ठरविली.

२ मार्च १८९३ रोजीं विलायतेच्या कॉमन्स सभेंत मद्यपाननिषेधाचे कैवारी केन यांनीं बंगाल्यांतील गांजाच्या लागवडीविषयीं व तिच्या परिणामांविषयीं प्रश्न विचारला. त्यावरून हिंदुस्थान सरकारनें जुलैमध्यें कमिशन नेमलें. अध्यक्ष पंजाबचे मॅकवर्थ यंग. सभासदांत चार युरोपियन व तीन हिंदी गृहस्थ. राजशाहीकडील नावगांव, मध्यप्रांतांतील खांडवा, आपल्या मुंबई इलाख्यांतील अहमदनगर व सातारा जिल्हे, अशीं गांजाचीं क्षेत्रें चौकशींत आलीं. एकंदर ११९३ साक्षीदारांच्या जबान्या झाल्या. डॉक्टर, कलेक्टर, वैद्य, शेतकरी, मक्तेदार, मिशनरी यांपैकीं कोणीहि सुटला नाहीं.

गांजावर सर्वांत मोठा आरोप होता तो माणसाला वेड लावण्याचा. कमिशननें वेड्यांच्या इस्पितळांचीं दप्तरें तपासलीं. १८९२ सालीं दाखल झालेल्या १३४४ रोग्यांपैकीं २२२ जणांच्या नांवापुढें ‘कारण : गांजा’ अशा अर्थाची नोंद होती. हें कारण लिहिलें कोणीं? पुष्कळदां रोग्याबरोबर आलेल्या पोलिसानें! घरचें माणूस जवळ नाहीं, पूर्ववृत्त ठाऊक नाहीं, रकाना तर भरलाच पाहिजे. तेव्हां गांजाचें नांव सोईचें पडे. एकेका रोग्याची चौकशी केल्यावर २२२ चे ९८ राहिले, आणि त्यांतहि केवळ गांजाकडे बोट दाखवितां येईल असे ६१ च निघाले.

१८९४ सालीं अहवाल पुरा झाला. माफक सेवनानें शरीर, मन वा नीति यांस म्हणण्यासारखी इजा होत नाहीं, अतिरेक मात्र घातक आहे, असा बहुमताचा निष्कर्ष होता. सरसकट बंदी अनावश्यक व अनुचित. बंदीनें लोक दारूसारख्या अधिक वाईट व्यसनाकडे वळतील, असें कमिशनला वाटलें. उपाय म्हणून कर, परवाने, लागवडीवर देखरेख आणि बाळगण्याच्या प्रमाणास मर्यादा हीं साधनें सुचविण्यांत आलीं. ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर रॉय व मुझफ्फरनगरचे लाला निहालचंद यांनीं मतभेद नोंदविला, हेंहि सांगितलें पाहिजे. शिवाय सरकारला अबकारीचें उत्पन्न प्रिय होतें, हा आक्षेप खोटा नव्हे. तरीहि पोलिसाच्या रकान्यांतून सत्य शोधून काढण्याचे श्रम त्यामुळें व्यर्थ ठरत नाहींत.

पुढें वारें फिरलें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानें औषधाखेरीज इतर उपयोग बंद करण्यास पंचवीस वर्षांची मुदत दिली, आणि १९८५ सालीं हिंदुस्थानांत कडक कायदा आला. त्या कायद्यानें एकाच झाडाचे दोन भाग केले : पानें व्याख्येबाहेर राहिलीं, शेंडे गुन्ह्यांत आले. म्हणून शिवरात्रीला काशींत परवान्याच्या दुकानांतून भांग उघड मिळते, आणि त्याच झाडाचा शेंडा चिलमींत घालणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. श्रीमंताला वकील मिळतो. मजुराचा मुलगा कोठडींत जातो व त्याच्या नांवास कायमचा डाग लागतो. व्यसनानें होणाऱ्या हानीपेक्षां ही हानि लहान आहे काय?

उलट बाजूहि भक्कम आहे. आजचा गांजा पूर्वींपेक्षां पुष्कळ ठिकाणीं जहाल असतो, आणि कोवळ्या वयांत नित्य सेवन केल्यास मनोविकाराचा धोका वाढतो, असें आजचें वैद्यक सांगतें. परंतु हा युक्तिवाद वयाच्या अटीचा व नियंत्रणाचा आहे, प्रौढाला कैदेंत घालण्याचा नव्हे. चोरटा विक्रेता गिऱ्हाइकाचें वय विचारीत नाहीं. परवानेदाराला तें विचारावेंच लागतें. उरुग्वेनें २०१३ सालीं, कॅनडानें २०१८ सालीं आणि जर्मनीनें २०२४ सालीं आपापल्या पद्धतीनें प्रौढांना मर्यादित मुभा दिली. हे प्रयोग निर्दोष आहेत असें नाहीं; पण त्यांची दिशा १८९४ च्या अहवालाशीं जुळते.

व्यसनाची स्तुति कोणी करूं नये. मात्र ज्यानें दुसऱ्याचें कांहीं बिघडविलें नाहीं, त्या प्रौढाला उपदेश करावा, गरज पडल्यास औषध द्यावें. बेडी घालूं नये. ११९३ साक्षी ऐकून झालेला निवाडा निदान एकदां उघडून वाचण्यास हरकत कसली?