दोन कार्डांची वाटणी

संगणकावर खेळ खेळणाऱ्या हौशी मंडळींपुढे सुमारे वीस वर्षे एक प्रश्न वारंवार उभा राहत असे: जुने ग्राफिक्स कार्ड मोडीत काढून एकच बलाढ्य कार्ड घ्यावे, की आहे त्याच्याच जोडीस दुसरे आणून दोहोंस एका जुवाखाली जुंपावे? आज तो प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. परंतु तो उद्भवला कसा आणि मावळला का, याचा वृत्तांत वस्तुतः श्रमाच्या वाटणीचाच वृत्तांत आहे.

कॅलिफोर्नियातील थ्रीडीएफएक्स कंपनीने १९९८ मध्ये जे ‘व्हूडू २’ कार्ड बाजारात आणले, ते केवळ त्रिमितीय चित्रांच्या कामावरच तैनात असल्यामुळे द्विमितीय कामासाठी निराळे कार्ड ठेवावे लागे, आणि त्यात व्हूडूचे भावंड आले म्हणजे एका पेटीत तीन कार्डे दाटीवाटीने नांदू लागत. ‘एसएलआय’ नावाची ही वाटणी मात्र विलक्षण सरळ होती: पडद्यावरील आडव्या रेषा दोघांनी एकाआड एक काढावयाच्या. एकट्या कार्डाची मजल ८०० × ६०० बिंदूंपर्यंत, तर जोडीची १०२४ × ७६८ पर्यंत. एक रेषा दुसरीचे काही देणे लागत नसल्यामुळे भाऊबंदकीस वावच नव्हता.

पुढे ग्राफिक्ससाठी एकच खाच देणारी एजीपी पद्धत रूढ झाल्याने जोडीचा मार्ग खुंटला, आणि २००० च्या अखेरीस थ्रीडीएफएक्सची मिरास एन्व्हिडियाकडे जाण्याचा करार झाला. २००४ मध्ये पीसीआय एक्स्प्रेसच्या आगमनाबरोबर एन्व्हिडियाने ‘एसएलआय’ हीच अक्षरे नव्या अर्थाने पुनरुज्जीवित केली. २००५ मध्ये एटीआयने ‘क्रॉसफायर’ काढून शह दिला. निवड करणाऱ्यास दोन्हीकडे अटी होत्या: एसएलआयला एकाच जातीची दोन कार्डे, त्यांना सांधणारा पूल आणि कंपनीला मान्य असा मदरबोर्ड हवा; आरंभीच्या क्रॉसफायरला एक खास ‘मास्टर’ कार्ड आणि पेटीबाहेरून फिरणारी तार हवी.

तथापि दोघांनीही मुख्यतः जी वाटणी पत्करली, ती रेषांची नसून चौकटींची होती. विषम चौकटी एकाने रंगवाव्या, सम दुसऱ्याने. एटीआयने १९९९ मध्येच एका कार्डावर दोन चिपा बसवून ती आजमावली होती. तिच्यात प्रत्येकाला संपूर्ण दृश्याची सामग्री स्वतःजवळ बाळगावी लागत असल्याने स्मृतीची बेरीज होत नसे: ५१२ आणि ५१२ मिळून ५१२ च. शिवाय चौकटींमधील अंतर विषम पडले, की सेकंदाचा आकडा भरघोस दिसूनही डोळ्यांस हिसके जाणवत. एएमडीने, जिने एटीआय विकत घेतली होती, २०१३ मध्ये या दोषावर ड्रायव्हरमध्ये इलाज केला.

खरा घाव निराळ्याच दिशेने आला. चित्राच्या कडा गुळगुळीत करण्यासाठी नवे खेळ मागील चौकटींचे दप्तर तपासू लागले, आणि ज्या क्षणी एका चौकटीला आदल्या चौकटीचा हिशेब लागू लागला, त्या क्षणी एकाचे काम दुसऱ्याच्या दारात तिष्ठत बसू लागले. एएमडीने २०१७ मध्ये क्रॉसफायरचे नाव मागे घेतले. १ जानेवारी २०२१ पासून एन्व्हिडियाने एसएलआयसाठी खेळवार नव्या नोंदी करणे थांबविले. जुन्या कार्डाच्या माथ्यावर शेजाऱ्याचा हात धरण्यासाठी सोनेरी दात्यांची एक चिमुकली पट्टी असे. नव्या कार्डावर ती जागा सपाट आहे.