तालीची माती आणि मजुराचा घाम



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे गड, तलवारी आणि लढाया उभ्या राहतात. करवीरकरांचा तर हा स्वभावच आहे. पण ज्या भूमीसाठी त्या लढाया झाल्या, तिची माती जागेवर कोणी ठेवली, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. वळवाचा एक जोरकस पाऊस उताराच्या उघड्या रानातली पिढ्यानपिढ्यांची कमाई ओढ्यात नेऊन टाकतो. ती अडविण्यासाठी उताराला आडवा घातलेला मातीचा बांध म्हणजे ताल. या तालीचा, ती घालणाऱ्या अवजारांचा आणि हातांचा इतिहास मला आज मांडावयाचा आहे.

जुनी रीत साधी होती. आधी रान नांगरून माती मोकळी करावयाची, मग बैलांची केणी ओढून ती तालीवर आणून टाकावयाची. जिथे केणी चालत नाही तिथे टिकाव, फावडे आणि डोक्यावरची पाटी. या साऱ्या कामाचे मर्म पहिल्या पायरीत आहे. माती मोकळी असेल तरच ती हलते. आणि लाकडी नांगर कठीण रानात खोल जात नाही. म्हणून एका पिढीने ताल धरावयाची आणि पुढच्या पिढीने ती उंच करावयाची, असे चाले.

जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, तेव्हा या प्रश्नावर नेमके बोट ठेवले. सरकारने आपल्या पलटणी आणि पोलीस रिकामे न ठेवता त्यांच्याकडून तालीवजा बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी रानात मुरेल, असे त्यांनी सुचविले. माती धरून ठेवणे हे एकट्या शेतकऱ्याच्या ऐपतीचे काम नाही, ते राज्याचे काम आहे, हा त्यातला विचार होय.

नांगराचा प्रश्न मराठी माणसाने सोडविला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर बनविला. लोखंडाने जमिनीला विष चढेल, या समजुतीने प्रथम गिऱ्हाईक मिळेना. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगरांसाठी दिल्या. तोफेचा नांगर झाला, याहून मोठा विजय कोणत्या लढाईत मिळतो?

सातासमुद्रापलीकडे दुसरीच गोष्ट घडत होती. अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेते उडू लागली, तेव्हा १९३५ साली तिथे मृदसंधारणाचे सरकारी खाते निघाले. ट्रॅक्टरमागे नांगर जोडून, तास शेजारी तास पलटत वरंबा उंचावण्याची रीत तिथे रूढ झाली. फाळाने उचललेली माती फिरत्या पात्याने बाजूला फेकणारी यंत्रेही निघाली. तिथे शेते विस्तीर्ण आणि माणसे थोडी. म्हणून यंत्र त्यांच्या गरजेतून जन्मले.

आपल्याकडे अडचण वेगळी होती. ताल उताराच्या समपातळीत घालावयाची, तर ती एका शेतकऱ्याच्या रानात संपत नाही. पाणी काही सातबारा वाचत नाही! हे ओळखून मुंबई सरकारने १९४२ साली जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि साऱ्या शिवाराची बांधबंदिस्ती एकत्र करण्याची वाट मोकळी झाली. स्वातंत्र्य मिळाल्यावर ट्रॅक्टरही आले. केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने युद्धातून उरलेली यंत्रे घेऊन काम सुरू केले. १९४९ साली जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज काढून आणखी यंत्रे आणली, आणि मध्य भारतातल्या कांस गवताने ग्रासलेल्या जमिनी खोल नांगरून काढल्या.

तथापि महाराष्ट्रातल्या ताली मुख्यतः माणसांनीच घातल्या. १९७२ च्या दुष्काळात घराघरातले लोक कामावर उतरले. मे १९७३ मध्ये ही संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती. खडी, पाझर तलाव, नालाबांध, ताली – सारे टिकावफावड्याने. त्याआधी १९६५ साली वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग केला होता. त्यातूनच रोजगार हमी योजना वाढली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. संकटातली भीक जाऊन तिथे कामाचा हक्क आला.

पण हक्क कागदावर आला, तरी मजुरी मापाने मिळते. १०० घनफूट माती म्हणजे एक ब्रास. भुसभुशीत रानातला ब्रास आणि कडक मुरमातला ब्रास वहीत सारखाच दिसतो. तो खणणाऱ्याच्या मनगटाला मात्र सारखा नसतो. नवरा खणतो, बायको पाटी उचलते. खड्ड्याचे माप निघते, पण पाटीची उचल किती आणि वाहतूक किती, यावरच तिचा घाम ठरतो. कागदोपत्री वेगळ्या जमिनीला आणि लांब वाहतुकीला वेगळा दर असतो. पण माप घेताना मजूर समोर नसेल, तर तो दर वहीतच राहतो. संघटनेचे निम्मे भांडण या टेपाशीच होते.

आता जेसीबी आणि पोकलेन आले आहेत. २०१६ पासून पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत गावांनी श्रमदान आणि यंत्रकाम दोन्ही केले. यंत्राचा मी वैरी नाही. मुरूम फोडताना मोडणारी कंबर वाचत असेल, तर यंत्राला दोन हातांनी नमस्कार करावा. मात्र यंत्राने वाचविलेले श्रम कोणाच्या पदरात पडले, हे विचारल्याशिवाय राहू नये. ते ठेकेदाराच्या बिलात गेले आणि भूमिहीन बाई कामावाचून घरी बसली, तर ताल उभी राहील, पण गाव खचेल.

मार्ग जुन्या रीतीतच आहे. नांगराने आधी माती मोकळी करावयाची, मग माणसाने ती रचावयाची, ही वाटणी आपल्या आजोबांना ठाऊक होती. कठीण फोडणी यंत्राने करावी. रचणे, चोपणे, सांडवा बांधणे आणि दरवर्षीची डागडुजी गावातल्या हातांना द्यावी. आणि माप मजुरासमोर घ्यावे. ताल एकदा घालून भागत नाही, ती दर पावसाळ्यानंतर पाहावी लागते. ते पाहणारा माणूस गावात टिकला, तरच माती टिकेल.