मालमत्ता व्यावसायिकांच्या संघटना : परदेशी भागीदारी आणि महाराष्ट्र

मालमत्ता व्यावसायिकांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय भागीदारी म्हणजे एका देशातील इस्टेट एजंट, बांधकाम व्यावसायिक किंवा मूल्यांकनकार यांच्या संघटनेने दुसऱ्या देशातील समव्यवसायी संघटनेशी करार करून जोडलेले संबंध. एकमेकांच्या सभासदांना ओळख देणे, ग्राहक पाठवणे, प्रशिक्षण वाटून घेणे आणि आचारसंहिता मान्य करणे एवढा त्याचा साधारण पसारा असतो. बहुतेकदा तो सामंजस्य करार असतो. एका बाजूने शब्द पाळला नाही तर दुसरी बाजू कोर्टात जात नाही, पुढच्या खेपेला करार वाढवत नाही इतकेच. महाराष्ट्रात असे संबंध गेल्या पंचवीसेक वर्षांत वाढले. ते प्रत्यक्षात किती कामाला येतात हे मात्र करारातल्या कलमांपेक्षा इथले जमीनकायदे ठरवतात, आणि शिर्डीसारख्या गावात याचा प्रत्यय चटकन येतो.

या संबंधांची मुळे तीन शहरांत आहेत. लंडनमध्ये १८६८ साली सर्व्हेयरांची संस्था निघाली. १८८१ मध्ये तिला राजसनद मिळाली आणि आज ती रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेयर्स म्हणून ओळखली जाते. शिकागोत १९०८ साली अमेरिकी एजंटांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. पाचच वर्षांत, १९१३ मध्ये, तिने आचारसंहिता केली. तिचे सध्याचे नाव नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स. ‘रिअल्टर’ हे तिचे नोंदणीकृत चिन्ह आहे, त्यामुळे अमेरिकेत तिचा सभासद नसलेला एजंट स्वतःला रिअल्टर म्हणवू शकत नाही. पॅरिसमध्ये १९५१ साली ‘फियाब्सी’ हा जागतिक महासंघ स्थापन झाला. त्यात एजंटांबरोबर विकासक आणि मालमत्ता व्यवस्थापकही येतात.

महाराष्ट्रात आधी संघटित झाले ते बिल्डर. मुंबईची महाराष्ट्र चेंबर ऑफ हाउसिंग इंडस्ट्री, म्हणजे एमसीएचआय, १९८२ ची. शहरोशहरीच्या अशा संघटनांचा देशपातळीवरचा महासंघ क्रेडाई १९९९ मध्ये झाला. क्रेडाईची वार्षिक अधिवेशने अनेकदा परदेशात भरतात : २०१९ मध्ये इस्रायलमधील तेल अवीव, २०२३ मध्ये इजिप्तमधील शर्म अल शेख. त्यात सहल किती आणि शिक्षण किती, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. तेल अवीवच्या बाबतीत मात्र मुंबईकराला बघण्यासारखे खरोखर काही होते. इस्रायलने २००५ मध्ये जुन्या इमारती भूकंपात टिकाव्यात म्हणून ‘तामा ३८’ ही योजना आणली. विकासकाने इमारत मजबूत करून द्यायची किंवा पाडून नवी बांधायची, त्या बदल्यात त्याला वरचे जास्तीचे मजले विकायला मिळायचे. दक्षिण मुंबईतील उपकरप्राप्त चाळींचा पुनर्विकास जादा एफएसआयच्या (चटईक्षेत्र निर्देशांकाच्या) याच गणितावर चालतो, आणि रहिवाशांची संमती, भाडे व रखडलेले काम यांवरून होणारी भांडणेही दोन्हीकडे सारखीच.

तेल अवीवच्या अधिवेशनाच्या सुमारास क्रेडाईचे राष्ट्रीय अध्यक्ष होते पुण्याचे सतीश मगर. हडपसरच्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र करून, ती बिल्डरला न विकता, स्वतःच कंपनी काढून मगरपट्टा सिटी उभी केली, तिचे ते प्रवर्तक. परदेशी पाहुण्यांना दाखवण्याजोगे जे मोजके प्रयोग महाराष्ट्राच्या खात्यावर आहेत त्यांत हा बसतो. बाकी देवाणघेवाणीत आपला ओघ बराचसा ‘घेवाणी’कडेच राहिला आहे.

एजंटांची गोष्ट वेगळी. दलाल या माणसाकडे आपल्याकडे कधी व्यावसायिक म्हणून पाहिलेच गेले नाही. चहाच्या टपरीवर बसून, दोन्ही बाजूंकडून एक-एक, दोन-दोन टक्के घेऊन ‘पार्टी’ जुळवणारा माणूस एवढीच त्याची प्रतिमा. शहरांतल्या एजंट संघटनांना एका छत्राखाली आणणारी नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स–इंडिया २००८ मध्ये निघाली आणि शिकागोच्या मूळ संघटनेची भारतातील भागीदार झाली. या नात्यातून सभासदाला काय मिळते? एक म्हणजे अमेरिकी संघटनेचे आंतरराष्ट्रीय सभासदत्व आणि त्याबरोबर रिअल्टर हे चिन्ह वापरण्याची मुभा. दुसरे, ‘सीआयपीएस’ हा परदेशी व्यवहारांचा अभ्यासक्रम : चलन, कर, वेगवेगळ्या खंडांतल्या बाजारांच्या रीती. तिसरे आणि सगळ्यात हवेहवेसे म्हणजे रेफरल. पुण्यातल्या एजंटाचा ग्राहक ह्यूस्टनला घर घेणार असेल तर त्याने तिथल्या सभासदाचे नाव सुचवायचे आणि सौदा झाल्यावर तिथल्या दलालीतला ठरलेला वाटा घ्यायचा.

अमेरिकेच्या बाजूने ही वाट सरळ आहे. उलट दिशेने ती तितकी मोकळी नाही. २०१६ च्या रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्यात एजंटाची व्याख्या इतकी रुंद आहे की कोणत्याही माध्यमातून खरेदीदार आणि विक्रेता यांची सौद्यासाठी गाठ घालून देणारा, मग त्याला दलाल म्हणा की मध्यस्थ, तीत येतो. नोंदणीकृत प्रकल्पातली सदनिका किंवा भूखंड विकायला मदत करायची तर कलम ९ प्रमाणे त्याची नोंदणी हवी. ती नसेल तर दररोज दहा हजार रुपये, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे न्यू जर्सीतल्या भागीदार एजंटाने पनवेलच्या फ्लॅटसाठी गिऱ्हाईक पाठवले तर तो नुसती ओळख करून देणारा हितचिंतक की बिननोंदणी एजंट, हा प्रश्न उभा राहतो. सामंजस्य करारात त्याचे उत्तर नसते.

पैशालाही मर्यादा आहे. परकी चलनाच्या चालू खात्यावरील व्यवहारांचे नियम २००० पासून लागू आहेत. भारतातली निवासी सदनिका किंवा व्यापारी भूखंड विकून दिल्याबद्दल परदेशातल्या एजंटाला कमिशन पाठवायचे असेल, तर प्रत्येक व्यवहारामागे २५,००० डॉलर किंवा परदेशातून आलेल्या रकमेच्या पाच टक्के, यांतली जी रक्कम जास्त असेल तिच्यापलीकडे कंपनीला रिझर्व्ह बँकेची पूर्वपरवानगी लागते. ही तरतूद ठाऊक असलेला एजंट विरळाच.

आता शिर्डी. राहाता तालुक्यातले हे गाव एकाच माणसामुळे जगाच्या नकाशावर आले. साईबाबांनी १९१८ च्या विजयादशमीला देह ठेवला आणि नंतरच्या शंभर वर्षांत गावाभोवतीच्या उसाच्या शेतात लॉज, हॉटेले आणि भक्तनिवास उभे राहिले. जमिनीचा भाव वाढवणारी ताजी कारणे कोणीही बोटांवर मोजून दाखवील : २००९ चे साईनगर शिर्डी रेल्वे स्थानक, १ ऑक्टोबर २०१७ ला सुरू झालेला काकडी गावाजवळचा विमानतळ, ११ डिसेंबर २०२२ ला खुला झालेला समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा, आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी आलेली मुंबईची वंदे भारत. भक्तांचा मोठा ओघ आंध्र, तेलंगण आणि तमिळनाडूचा. त्यांच्यातलीच अनेक कुटुंबे अमेरिकेत, आखातात, सिंगापुरात आहेत, आणि तिथेही साईमंदिरे उभी आहेत. ‘बाबांच्या गावात आपली एक जागा असावी’ ही इच्छा त्यामुळे साता समुद्रापलीकडून येते. भागीदारीला यापेक्षा सुपीक जमीन मिळणार नाही, असे कोणालाही वाटेल.

पण शिर्डीच्या शिवारातला सौदा प्रामुख्याने सातबाऱ्याचा असतो. सावळीविहीर, निमगाव कोऱ्हाळे, रुई, पिंपळवाडी, नांदुर्खी या बाजूला एजंट जी जागा दाखवतो ती पुष्कळदा अजून शेतजमीनच असते. ‘आज गुंठ्यावर घ्या, एन.ए. होऊन जाईल’ हे तिथले नेहमीचे आश्वासन. परदेशस्थ भक्त इथे दोन कायद्यांना अडतो. महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ चे कलम ६३ सांगते की शेतजमीन सामान्यतः शेतकऱ्यानेच घ्यावी. ‘आमच्या वडिलांच्या नावावर गावी सातबारा आहे’ असे म्हणून ही अडचण काहीजण पार करतात. तरीही दुसरी उरतेच. परकी चलन व्यवस्थापन कायद्याखालच्या नियमांनुसार अनिवासी भारतीय आणि ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचे विदेशी नागरिक) निवासी व व्यापारी मालमत्ता घेऊ शकतात, पण शेतजमीन, फार्महाउस किंवा मळा विकत घेऊ शकत नाहीत. वारसाने आली तर गोष्ट निराळी. पिढीजात शेतकरी असणे ही या नियमातून सूट नव्हे. भारतीय वंशाचा नसलेला आणि परदेशात राहणारा विदेशी भक्त तर सदनिकाही सरळ खरेदी करू शकत नाही. गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या सौद्याला याखेरीज १९४७ चा तुकडेबंदी कायदा आडवा येतो.

समजा जागा रीतसर बिनशेती आहे, ले-आऊट मंजूर आहे, आणि खरेदीदार परदेशात आहे. तेव्हाही कामे स्थानिकच असतात. पैसे बँकेमार्फत परदेशातून किंवा एनआरई, एनआरओ, एफसीएनआर खात्यातून यावे लागतात, हातात डॉलर देऊन भागत नाही. नोंदणीला येता येत नसेल तर मुखत्यारपत्र लागते. ते परदेशात केलेले असेल तर तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित करायचे आणि महाराष्ट्रात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरून घ्यायचा. मूळ मालकांच्या फेरफाराच्या नोंदी पाहायच्या, बहिणींची हक्कसोड झाली आहे का ते तपासायचे, जमीन भोगवटादार वर्ग दोनची किंवा इनाम-वतनाची नाही ना याची खात्री करायची. यातली एकही गोष्ट पाच दिवसांच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमात शिकवता येत नाही. ती शिकवतो तालुक्याच्या ठिकाणचा अनुभवी वकील, किंवा दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर वीस वर्षे बसलेला दस्तलेखक. परदेशी भागीदार संघटनेला खरोखर उपयोगी पडेल असा माणूस हा आहे, आणि नेमका तोच कुठल्या संघटनेचा सभासद नसतो.

आणखी एक फट आहे. रेरा लागू होतो तो प्रकल्पांना, आणि त्यांतही ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाचा किंवा आठपर्यंत सदनिकांचा प्रकल्प नोंदणीतून सुटतो. सुट्या शेतजमिनीचे किंवा जुन्या घराचे सौदे करणाऱ्याला एजंट म्हणून नोंदणीची गरजच पडत नाही. या कायद्याखालची राज्याची नियामक संस्था, महारेरा, १ मे २०१७ पासून काम करू लागली. २०२३ मध्ये तिने एजंटांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि प्रमाणपत्र सक्तीचे करण्याचा आदेश काढला. अमेरिकी संघटना सभासदत्वाच्या अटींमधून शिस्त लावत आली, इथे ते काम सरकारी प्राधिकरणाने करून टाकले. बिल्डरांच्या बाबतीतही तसेच. प्रकल्प नोंदवायचा तर मान्यताप्राप्त स्वनियामक संस्थेचे सभासद व्हा, असे महारेराने २०१९ मध्ये सांगितले. आपल्याकडे संघटनांना वजन आले ते असे कायद्याच्या आधाराने, आणि ग्राहकांच्या दबावानेही. २०१८ मध्ये महारेराने उभारलेल्या सामोपचार मंचात बिल्डरांच्या संघटनांशेजारी मुंबई ग्राहक पंचायत बसली. परदेशी करारांच्या यादीत अशी ग्राहक संघटना क्वचितच दिसते.

जिथे देशोदेशीच्या संघटनांचे एकत्र बसणे निःसंशय उपयोगी ठरले ती बाब रुक्ष आहे : मोजमाप. एकच जागा वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या क्षेत्रफळाची भरते. म्हणून २०१३ मध्ये वॉशिंग्टनला जागतिक बँकेत अनेक व्यावसायिक संघटना जमल्या आणि आंतरराष्ट्रीय मोजमाप मानके ठरवण्याचे काम सुरू झाले. कार्यालयांसाठीचे मानक २०१४ मध्ये आले, निवासी इमारतींचे २०१६ मध्ये. ‘सुपर बिल्टअप’च्या नावाखाली जिना, लिफ्ट आणि लॉबीचे पैसे मोजलेल्या मुंबई-पुणेकराला या विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. त्याला दिलासा मात्र मिळाला तो रेरातल्या चटई क्षेत्राच्या व्याख्येने. घरातल्या भिंती तीत धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि गच्ची धरल्या जात नाहीत.

अलीकडे ग्राहकांचा ओघ दोन्ही बाजूंनी वाहतो. दुबईत भारतीय घरांची प्रदर्शने भरतात, तशी मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत दुबईच्या टॉवरांची भरतात. निवासी भारतीयाला उदारीकृत प्रेषण योजनेखाली वर्षाला अडीच लाख डॉलर बाहेर नेता येतात, आणि त्यातून तिथे फ्लॅट घेता येतो. दुबईतही २००७ पासून नियामक आहे आणि तोही ‘रेरा’ याच आद्याक्षरांनी ओळखला जातो. तिथे परवाना नसलेल्याला दलाली करता येत नाही. पुण्यातल्या हॉटेलात कागद पुढे करणारा विक्रेता तिथला परवानाधारक आहे की इथल्या एखाद्या एजंटाने नेमलेला पोरगा, हे ग्राहकाला कळायचा एक सोपा मार्ग म्हणजे दोन देशांच्या संघटनांनी सभासद याद्या परस्परांना खुल्या करणे. सामंजस्य करारांचा इतका साधा उपयोग अजून फारसा झालेला नाही.

ज्या अमेरिकी संघटनेकडे सगळे पाहतात तिचेच घर अलीकडे हादरले. ३१ ऑक्टोबर २०२३ ला मिसूरीतील ज्यूरीने, विक्रेत्याकडूनच दोन्ही एजंटांची दलाली वळती करणारी पद्धत स्पर्धेला मारक असल्याचे ठरवून सुमारे १.८ अब्ज डॉलरच्या भरपाईचा निवाडा दिला. मार्च २०२४ मध्ये संघटनेने ४१.८ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून तिथे विक्रीच्या घरांच्या, एजंटांनी मिळून ठेवलेल्या सामायिक यादीत खरेदीदाराच्या एजंटाची दलाली जाहीर करता येत नाही, आणि घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. महाराष्ट्रात दलालीचा दर रेराने ठरवलेला नाही. विक्रेता आपला टक्का देतो, खरेदीदार आपला, आणि बोलणी बहुतेक तोंडीच होतात. खरेदीदाराने आपल्या एजंटाचे पैसे स्वतः द्यायचे ही अमेरिकेत आता पुढे येणारी रीत इथे आधीपासूनच आहे. नाही तो लेखी करार.