बाल्खचे मृगजळ : यवन नगरांचा शोध आणि धम्माची साक्ष

बौद्ध वाङ्मयात आणि शिलालेखांत 'योन' अथवा 'यवन' हा शब्द वारंवार भेटतो. मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्तात तो आहे, सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात तो आहे, आणि मिलिंदपञ्ह या ग्रंथाचा तर नायकच एक यवन राजा आहे. असे असूनही हे यवन कोण, त्यांची नगरे कशी होती, धम्माशी त्यांचा संबंध कोणत्या स्वरूपाचा होता, या प्रश्नांना त्यांच्या स्वतःच्या भूमीतून उत्तर मिळण्यास एकोणिसावे आणि विसावे शतक उजाडावे लागले. हे उत्तर ज्या पुरातत्त्ववेत्त्यांच्या प्रवासांतून, उत्खननांतून आणि छायाचित्रांतून मिळाले, त्यांत फ्रेंच पंडित आल्फ्रेड फूशे (१८६५–१९५२) यांचे स्थान महत्त्वाचे आहे. फूशे यांनी काय शोधले, त्यांना काय सापडले, आणि त्यांच्या नंतरच्या पुराव्यामुळे त्यांच्या निष्कर्षांत कोणता बदल करावा लागतो, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या शोधाचा आरंभ फूशे यांच्यापूर्वीच झाला होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातून पळालेला आणि चार्ल्स मॅसन हे नाव धारण केलेला एक इंग्रज १८३०च्या दशकात काबूल, बेग्राम आणि हड्डा या परिसरात फिरला. त्याने स्तूप उघडले आणि हजारो नाणी गोळा केली. एका बाजूस ग्रीक आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी अक्षरे असलेल्या या नाण्यांमुळे खरोष्ठी लिपीचे वाचन सुकर झाले व विस्मृतीत गेलेले अनेक यवन राजे इतिहासात परत आले. मॅसनजवळ कॅमेरा नव्हता. त्याची भिस्त रेखाटनांवर होती. १८९६ मध्ये अलेक्झांडर कॅडी याने स्वात परिसरातील लोरियान तंगाई येथे घेतलेली छायाचित्रे मात्र आजही उपलब्ध आहेत. त्यांतील एका प्रसिद्ध छायाचित्रात उत्खननात निघालेल्या बुद्ध-बोधिसत्त्वांच्या मूर्ती आणि शिल्पपट्ट उघड्यावर एकत्र मांडून ठेवलेले दिसतात. ही शिल्पे पुढे कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये नेण्यात आली. संग्रहालयात प्रत्येक शिल्प स्वतंत्र 'कलाकृती' होते. छायाचित्रात मात्र ती एका विहाराची सामुदायिक संपत्ती म्हणून दिसतात. छायाचित्राचे ऐतिहासिक मूल्य याच ठिकाणी आहे.

फूशे १८९५ ते १८९७ या काळात भारतात होते. या काळात त्यांनी पेशावर आणि स्वात हा सरहद्दीचा प्रदेश पाहिला. ह्युएन त्संगने वर्णन केलेली स्थळे प्रत्यक्ष भूमीवर निश्चित करणे हा त्यांच्या अभ्यासाचा एक भाग होता. या अभ्यासातून गांधारातील 'ग्रीक-बौद्ध' कलेवरील त्यांचा विस्तृत ग्रंथ निर्माण झाला. त्याचा पहिला खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. बुद्धमूर्तीचे मूळ ग्रीक शिल्पकलेत आहे, असा सिद्धांत फूशे यांनी मांडला. या सिद्धांताला पूर्णता येण्यासाठी एक दुवा आवश्यक होता. ग्रीक कला गांधारात पोहोचली ती बॅक्ट्रियातून, म्हणजे हिंदुकुशाच्या उत्तरेकडील यवन राज्यातून, असे मानले तर त्या राज्याची ग्रीक नगरे कोठे तरी सापडली पाहिजेत.

९ सप्टेंबर १९२२ रोजी अफगाणिस्तान आणि फ्रान्स यांच्यात करार झाला. अमीर अमानुल्ला यांच्या शासनाने फ्रेंच पुरातत्त्व मंडळास तीस वर्षांसाठी उत्खननाचे विशेषाधिकार दिले. या मंडळाचे पहिले प्रमुख फूशेच होते. १९२४–२५ मध्ये त्यांनी प्राचीन बॅक्ट्रा, म्हणजे आजचे बाल्ख, येथे उत्खनन केले. उंच टेकाडात खोल खणूनही ग्रीक स्तंभ, ग्रीक मंदिर अथवा ग्रीक शिल्प असे काहीच हाती लागले नाही. निराश झालेल्या फूशे यांनी या शोधाला 'बॅक्ट्रियाचे मृगजळ' असे नाव दिले. याच सुमारास त्यांचे सहकारी इतरत्र बौद्ध अवशेषांचे मोठे भांडार उजेडात आणीत होते. आंद्रे गोदार व जोसेफ हॅकिन यांनी बामियानच्या लेण्यांचा अभ्यास करून त्यावरील ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यूल बार्थू यांना १९२६ ते १९२८ या काळात हड्डा येथे असंख्य स्तूप व चुनेगच्चीच्या हजारो मूर्ती सापडल्या. ज्या भूमीत ग्रीकांचा शोध चालला होता, त्या भूमीने प्रथम साक्ष दिली ती धम्माची.

फूशे यांची विद्वत्ता आणि परिश्रम यांविषयी आदर बाळगूनही त्यांच्या भूमिकेतील एक दोष नोंदविणे आवश्यक आहे. त्यांच्या विवेचनात ग्रीक हे दाते आणि बौद्ध हे केवळ ग्राहक ठरतात. आनंद कुमारस्वामी यांनी १९२७ मध्ये बुद्धमूर्तीच्या उगमावरील आपल्या निबंधात या मताचा प्रतिवाद केला आणि मथुरेच्या मूर्तींचे स्वतंत्र मूळ भारतीय परंपरेत दाखविले. परंतु हा वाद मूर्तीच्या वस्त्राच्या चुण्या, केसांची वळणे आणि चेहऱ्याची ठेवण यांभोवतीच फिरत राहिला. रूप कोणी दिले हा एक प्रश्न झाला. विचार कोणी दिला आणि तो कोणी स्वीकारला, हा दुसरा प्रश्न त्यामुळे मागे पडला.

बॅक्ट्रियाचे मृगजळ अखेर खरे पाणी ठरले. १९६१ मध्ये अफगाणिस्तानचे राजे जहीर शाह शिकारीनिमित्त अमुदर्या व कोकचा या नद्यांच्या संगमाकडे गेले असता त्यांना तेथील कोरिंथियन पद्धतीचा एक दगडी स्तंभशीर्ष दाखविण्यात आला. फ्रेंच मंडळाचे तत्कालीन प्रमुख दानिएल श्लुंबर्जे यांना ही वार्ता कळली, आणि पुढे पॉल बर्नार यांच्या नेतृत्वाखाली १९७८ पर्यंत ऐ-खानूम येथे उत्खनन झाले. राजवाडा, व्यायामशाळा, कच्च्या विटांचे प्रचंड प्रेक्षागृह, कोषागार असे एक संपूर्ण ग्रीक नगर उजेडात आले. किनिआस नामक पुरुषाच्या स्मारकात एक शिलालेख मिळाला. क्लिआर्कस याने ग्रीसमधील डेल्फी येथील नीतिवचने उतरवून घेऊन या ठिकाणी, सुमारे ४००० किलोमीटर दूर, कोरविल्याचे त्यात नमूद आहे. बाल्यापासून मृत्यूपर्यंत मनुष्याने कसे वागावे, याचा उपदेश त्या वचनांत आहे. नगरात यवन राजा अगाथोक्लीस याची ग्रीक व ब्राह्मी अशा दोन लिपींतील नाणीही सापडली. इ.स.पू. १४५च्या सुमारास हे नगर उजाड झाले.

येथे अभ्यासकाने संयम पाळला पाहिजे. ऐ-खानूम येथे बौद्ध विहार सापडलेला नाही. तेथील यवन बौद्ध होते असे म्हणण्यास आधार नाही. त्या उत्खननाने सिद्ध झाले ते एवढेच, की बॅक्ट्रियातील यवन समाज हा नीतिविचाराला मान देणारा, लेखनाची परंपरा असलेला नागर समाज होता. अशा समाजापर्यंत धम्म कोणत्या भाषेत पोहोचला, याचे उत्तर कंदाहारने दिले आहे. १९५८ मध्ये तेथे अशोकाचा ग्रीक व अरमाइक अशा दोन भाषांतील लेख उजेडात आला. १९६३ मध्ये बाराव्या व तेराव्या शिलालेखांचे अंश असलेला आणखी एक ग्रीक लेख मिळाला. 'धम्म' या शब्दासाठी ग्रीक लेखात 'युसेबेइया' हा शब्द योजला आहे. पूज्य व वडीलधाऱ्यांविषयीचा आदर आणि सदाचरण असा त्याचा आशय आहे. हे लेख केवळ कोणा सरहद्दीवरील अधिकाऱ्याचे भाषांतर नसून शैलीदार ग्रीक भाषेत लिहिलेले आहेत. म्हणजेच यवनांच्या उत्तम भाषेत धम्म सांगणारे लोक इ.स.पू. तिसऱ्या शतकात तेथे होते.

आता अस्सलायनसुत्ताकडे वळू. चार वर्णांची उच्चनीचता जन्मसिद्ध आहे, असा दावा करणाऱ्या तरुण ब्राह्मण अस्सलायनाला भगवान बुद्ध योन आणि कंबोज या देशांचे उदाहरण देतात. तेथे आर्य म्हणजे स्वामी आणि दास असे दोनच वर्ग आहेत आणि स्वामीचा दास, दासाचा स्वामी होऊ शकतो, हे ते त्याच्या लक्षात आणून देतात. या उल्लेखाच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काही जण तो उत्तरकालीन मानतात, तर काही जण सिकंदरापूर्वी इराणी साम्राज्यात वसलेल्या ग्रीकांकडे बोट दाखवितात. परंतु युक्तिवादाचे बळ कालनिर्णयावर अवलंबून नाही. भगवंतांनी येथे यवनांच्या दासप्रथेची प्रशंसा केलेली नाही. त्यांचा मुद्दा असा, की जी व्यवस्था एका देशात आहे आणि दुसऱ्या देशात नाही, ती निसर्गाची अथवा ब्रह्म्याची निर्मिती असू शकत नाही. ती मनुष्याने केली आहे. अशोकाचा तेरावा शिलालेखही योन देश वगळता सर्वत्र ब्राह्मण व श्रमण हे वर्ग आढळतात असे सांगतो. सुत्त आणि शिलालेख या दोन स्वतंत्र साधनांतून यवन समाजाच्या वेगळेपणाचे एकच निरीक्षण आपल्यापुढे येते.

या वेगळ्या समाजातील माणसे धम्माकडे आली, ती दाता म्हणून नव्हे तर उपासक म्हणून. स्वात येथील धातुकरंडकावर थिओडोरस नामक यवनाने भगवान शाक्यमुनींच्या धातूंची स्थापना केल्याचे खरोष्ठीत लिहिलेले आहे. त्याचे 'मेरिदर्ख' हे अधिकारपद ग्रीक आहे आणि कृत्यामागील हेतू बहुजनांच्या कल्याणाचा आहे. मिलिंद राजाच्या काही नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्र आहे. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या रक्षेसाठी नगरांत वाद झाला आणि ती वाटून घेऊन स्मारके उभारण्यात आली, असे ग्रीक लेखक प्लुटार्क सांगतो. महापरिनिब्बानसुत्त वाचलेल्यांना या वृत्तांतातील साम्य वेगळे सांगावयास नको.

महाराष्ट्राच्या अभ्यासकाला तर यासाठी बाल्खपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. महावंसानुसार तिसऱ्या संगीतीनंतर अपरांतात, म्हणजे आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या प्रदेशात, धम्मप्रचारासाठी आलेले थेर धम्मरक्खित हे स्वतः योन होते. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांचे दान आहेत. जुन्नर येथे इरिल नामक यवनाने दोन पोढ्या आणि चिट नामक यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नाशिकच्या लेण्यात उत्तरेकडील दत्तामित्री नगरातून आलेल्या धम्मदेवपुत्र इंद्राग्निदत्त या योनकाचा लेख आहे. पित्याचे नाव धम्मदेव आहे, हे लक्षात घ्यावे. या लेखांत त्यांच्या वर्णाची चौकशी नाही. संघाने त्यांचे पाणी नाकारले नाही आणि त्यांचे अन्नही नाकारले नाही.

या साक्षीचे पुढे काय झाले, हे मात्र क्लेशकारक आहे. १९७८ नंतर अफगाणिस्तानात युद्ध सुरू झाले. ऐ-खानूमच्या भूमीवर चोरट्यांनी इतके खड्डे खणले, की नगराची रचना ओळखू येईनाशी झाली. हड्डा येथील तापा शोतोर हा विहार अफगाण पुरातत्त्ववेत्ते शैबाई मुस्तमंदी आणि झमरयालई तर्झी यांनी खणला होता. तेथे सिंहाचे कातडे पांघरलेला, ग्रीक हेराक्लीससारखा दिसणारा वज्रपाणि बुद्धांच्या शेजारी बसलेला होता. तो विहार युद्धात नष्ट झाला. आज तो वज्रपाणि केवळ छायाचित्रांत उरला आहे. १९९२ नंतर काबूलच्या संग्रहालयाची लूट झाली आणि कंदाहारचा १९६३चा ग्रीक लेखही तेथून नाहीसा झाला. मार्च २००१ मध्ये बामियानच्या ५५ व ३८ मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उडवून देण्यात आल्या. मोठ्या मूर्तीची मापे आज संगणकावर पुन्हा उभी करता आली, ती ऑस्ट्रियाचे प्राध्यापक रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० मध्ये घेतलेल्या मोजमापाच्या छायाचित्रांमुळे. आणि ज्या बाल्खमध्ये फूशे यांना ग्रीक दगड मिळाला नाही, तेथेच २००२ मध्ये ग्रीक पद्धतीचे स्तंभशीर्ष उजेडात आले. तेही चोरट्या खोदकामातून.

या इतिहासातून दोन बोध घ्यावयाचे आहेत. पहिला असा, की पुरावा न मिळणे म्हणजे वस्तू नसणे नव्हे; फूशे यांच्या निराशेला सुमारे चार दशकांनी उत्तर मिळाले. दुसरा अधिक निकडीचा आहे. दगड चिरंतन असतो, ही आपली समजूत अफगाणिस्तानने खोटी ठरविली आहे. तेथे मूर्ती गेली आणि नोंद उरली. जेथे नोंद नव्हती तेथे काहीच उरले नाही. आपल्या लेण्यांतील लेखांवर पाणी झिरपते, शेवाळ चढते, प्रवासी आपली नावे कोरतात. प्रत्येक विहाराने आपल्या परिसरातील लेणी, लेख आणि सुटे अवशेष यांची स्थळ, दिनांक व माप यांसह छायाचित्रे घेऊन ती जतन करावीत. इरिल यवनाने दिलेल्या पाण्याची आठवण दोन हजार वर्षे टिकली, कारण कोणीतरी ती कोरून ठेवली. ती पुढे नेणे हे आता आपले काम आहे.